दोराची पाचवी कडी

साठावा वाढदिवस आठवड्यावर आला तेव्हा टेलरबाई हार्डवेअरच्या दुकानात दोर घ्यायला गेल्या. दुकानदार ओळखीचा होता. त्याच्या दोन्ही मुलींचे शाळेचे गणवेश बाईंच्याच मशीनवर शिवलेले, त्यामुळे त्याने आधी बसायला स्टूल दिलं आणि मग विचारलं.

"कपडे वाळत घालायला हवाय का, बाई?"

"नाही हो. माणसं बांधायला. एक मुलगा, एक सून, एक नात आणि मी. जरा मजबूत दाखवा, मुलगा वजनदार आहे."

दुकानदार हसला. टेलरबाईंनी दोर बोटांत चोळून पाहिला, टोक उसवतंय का ते पाहिलं, हात पसरून मोजून घेतला आणि शेवटी सवयीने म्हणाल्या, "थोडा जास्तीचा द्या."

ही सवय चाळीस वर्षांची होती. उद्या अंग सुटलं तर कपडा सैल करता यावा म्हणून शिवणीच्या आत जे जादा कापड सोडतात, त्याला शिवणकामात माया म्हणतात. काही टेलर माया सोडताना हात आखडता घेतात. आमच्या बाई तशा नव्हत्या. त्यांनी शिवलेला फ्रॉक तीन वर्षं पोरीबरोबर वाढायचा. बेतायला घेतलेली कुठलीही गोष्ट त्यांच्या हातून नेमकी तेवढीच झाली असं कधी घडलंच नाही.

दोर लागायचं कारण म्हणजे एक शर्त. बाईंचं दुकान तळमजल्यावर आणि राहायची खोली त्याच्याच वर. नवरा जाऊन अकरा वर्षं झाली होती. मुलगा शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायचा आणि विमा कंपनीत नोकरी करायचा. दिवसभर अपघातांचे अर्ज वाचून वाचून त्याला जगात जिथे तिथे घसरून पडणारी माणसंच दिसायची. गेली दोन वर्षं त्याने आईच्या मागे एकच धोशा लावला होता, की दुकान बंद कर आणि आमच्याकडे राहायला ये. बाईंनी पुष्कळ दिवस कानाडोळा केला. मग एका रविवारी जेवता जेवता त्यांनी ताट बाजूला सारलं.

"माझ्या साठीला डोंगर चढायचा," त्या म्हणाल्या. "वाटाड्या नाही घ्यायचा. नकाशा बघून आपलं आपण जायचं, पुढे मी. सगळ्यांना खिंडीपलीकडे नीट उतरवलं तर दुकानाचा विषय कायमचा बंद. अर्ध्यातून परत फिरावं लागलं, तर मी स्वतः कुलूप लावीन आणि तुझ्याकडे येईन. बोल."

मुलाने सुनेकडे पाहिलं. सून दातांची डॉक्टर. समोरच्याला बोलू द्यायचं नाही हे तिच्या अंगवळणी पडलेलं, पण सासूपुढे तिचीच बोलती बंद व्हायची. "मला काही विचारू नका," ती म्हणाली. नऊ वर्षांच्या नातीला सगळे भिंगरी म्हणायचे, कारण ती एका जागी ठरत नसे. तिने लगेच बूट शोधायला सुरुवात केली. मुलगा मनातून खूश झाला. पहिल्या चढालाच आई कंबर धरून बसेल आणि प्रश्न मिटेल, असा त्याचा हिशेब होता.

वाढदिवसाच्या सकाळी ते डोंगराच्या पायथ्याच्या विश्रामगृहातून निघाले. सुनेने डब्यातून छोटा केक आणला होता, तो खिंडीत पोचल्यावर कापायचा होता. पलीकडच्या बाजूला एक भाड्याची गाडी दुपारी चारला येऊन थांबणार होती. विश्रामगृहाच्या रखवालदाराने त्यांना नकाशा दिला आणि दगडांवरच्या पिवळ्या खुणा कशा बघायच्या ते सांगितलं. मग त्याचं लक्ष दोराकडे गेलं. बाईंनी रात्रीच त्याला अंतरा-अंतरावर गाठी मारून हात जाईल एवढ्या कड्या करून ठेवल्या होत्या.

"चार जण ना तुम्ही? कड्या तर पाच दिसतायत."

"माया सोडलीय," बाई म्हणाल्या.

रखवालदाराला ते कळलं नाही. "धुक्यात मोकळी कडी मागे लोंबत ठेवू नका. कापून टाका ती."

"चांगला नवा दोर कापायचा? ते माझ्या हातून व्हायचं नाही."

त्याने आणखी काहीतरी सांगायला तोंड उघडलं, मग भिंगरीकडे बघून ते मिटलं आणि आत निघून गेला. बाईंना माणसाचं हे अर्धवट वागणं आवडलं नाही. बोलायचं तर धड बोलावं.

चढ खरोखरच खडा होता, पण टेलरबाईंनी कंबर धरली नाही. चाळीस वर्षं पायमशीन मारलेले ते पाय होते. उलट मुलगाच दर वळणावर "फोटो काढू या" म्हणून थांबत होता आणि प्रत्येक फोटोत त्याचा चेहरा आधीपेक्षा लाल दिसत होता.

"दुकानाच्या पाटीला रंग द्यायचा म्हणतेय," बाई पुढूनच म्हणाल्या. "निळा चांगला दिसेल का?"

"अजून खिंड यायचीय, आई."

"येईल की. मी आहे ना."

हे त्यांचं नेहमीचं वाक्य होतं. गिऱ्हाइकाची घाई असो, सुनेची शस्त्रक्रिया असो, वीज गेलेली असो, बाई 'मी आहे ना' म्हणायच्या आणि समोरच्याला खरोखर बरं वाटायचं. मला विचाराल तर त्यांना स्वतःलाही त्या वाक्याने बरं वाटायचं, पण हे त्यांनी कधी कबूल केलं नसतं.

अकराच्या सुमाराला धुकं आलं. दरीतून आधी ओल्या दगडांचा गार वास वर आला, मग पक्ष्यांचे आवाज थांबले आणि बघता बघता समोरची वाट पुसली गेली. दोन हातांपलीकडचं दिसेना. बाईंनी शांतपणे सॅकमधून दोर काढला. सगळ्यात पुढची कडी त्यांची. त्यांच्या मागे भिंगरी, मग सून, मग मुलगा. मुलाच्या मागे उरलेला दोर आणि त्याच्या टोकाला पाचवी, रिकामी कडी.

"एक झटका म्हणजे थांबा. दोन झटके म्हणजे चला," बाईंनी सांगितलं. "धुक्यात ओरडायचं नाही, आवाज कुठून येतो ते कळत नाही. दोर खोटं बोलत नाही."

अशी वरात निघाली. पुढच्या खुणा सापडत होत्या, दोर हातात होता आणि बाई खुशीत होत्या. हातातल्या ताणावरून मागचा प्रत्येक माणूस त्यांना ओळखू येत होता. भिंगरीचा दोर सारखा उडायचा, सुनेचा एकसारखा यायचा आणि मुलगा चढावर ओढ द्यायचा. कापड हाताखालून सरकताना कळावं तसं त्यांना ते न बघता कळत होतं.

अर्ध्या तासाने मुलाचा आवाज आला.

"आई, मागे जड लागतंय."

"तू दमलास."

"मी नाही... दोर. मागचा. कोणीतरी धरल्यासारखा."

"मोकळं टोक आहे, दगडात अडकत असेल. झटकून टाक."

त्याने झटकला. दोर सैल झाला. काही पावलं गेल्यावर तो पुन्हा ताणला गेला, पण आता अडकल्यासारखा नाही. मुलाच्या पावलाबरोबर तो पाऊल टाकत होता. त्याने मागे वळून पाहिलं. दोर त्याच्या हातातून निघून धुक्यात गेला होता, पुढचं काही दिसत नव्हतं. तो विमा कंपनीत काम करणारा माणूस, भुताखेतांवर त्याचा विश्वास नव्हता. त्याने आईला पुन्हा काही सांगितलं नाही. हसं झालं असतं म्हणून नाही सांगितलं, असं तो नंतर म्हणाला.

थोड्या वेळाने पिवळ्या खुणा संपल्या. बाईंनी एक झटका देऊन सगळ्यांना थांबवलं, गुडघ्यावर बसून दगड चाचपले, नकाशा नाकाजवळ धरला. वाट अरुंद होती. एका हाताला कातळ आणि दुसऱ्या हाताला नुसती पांढरी पोकळी. तिच्यात त्यांनी एक खडा टाकला आणि तो कुठे पडल्याचा आवाजच आला नाही. इतक्यात त्यांच्या मागे दातांवर दात वाजल्याचा आवाज आला. भिंगरी कुडकुडत होती. दिवसभर बडबडणारी पोर पाऊण तास एक शब्द बोलली नव्हती, आणि हे आपल्या लक्षातही आलं नाही, याची बाईंना लाज वाटली.

त्या तशाच बसून राहिल्या. अजून थोडं रेटावं, खिंड जवळ असेल, असं मन म्हणत होतं. डोळ्यांपुढे दुकान होतं. खिडकीजवळचं मशीन, भिंतीवरच्या खिळ्यांना अडकवलेले मापांचे कागद, संध्याकाळी शटर ओढताना होणारा तो खडखडाट. हे सगळं एका शब्दात जाणार होतं. बाईंना रडू आलं. त्यांनी ते गिळलं आणि नातीचे हात आपल्या हातात घेऊन चोळले.

"परत फिरू या," त्या म्हणाल्या. "मी हरले."

मुलालाही जिंकल्यासारखं वाटलं नाही.

"वाट अरुंद आहे. कोणी कोणाला ओलांडायचं नाही. जागच्या जागी वळा, कड्या सोडू नका. आता पुढे तू," त्यांनी मुलाला सांगितलं. "मी मागे राहते."

सगळे वळले. पुढून दोन झटके आले, हातोहात बाईंपर्यंत पोचले आणि चाल सुरू झाली. पोरगा तसा शहाणा आहे, निमूट पुढे झाला, असं बाईंच्या मनात आलं.

चाल चांगली होती. खरं तर फारच चांगली होती. पाय कुठेच अडखळत नव्हता, दोर एका लयीत पुढे जात होता, वळण आलं की आधी हलकेच सैल होत होता आणि मग ताणत होता. बाई मनातल्या मनात पाटीचा रंग पुसत चालल्या होत्या, त्यामुळे पहिली काही मिनिटं त्यांच्या ध्यानात आलं नाही. मग पोटऱ्या भरून आल्या. आपण उतरत नव्हतो, चढत होतो.

"अरे," त्यांनी दबक्या आवाजात हाक मारली. "चढ कसा लागतोय? कुठे नेतोयस?"

पुढून मुलाचा आवाज आला. "मला काय विचारतेस? तू नेशील तिकडे येतोय."

"मी... मी सगळ्यात मागे आहे."

पावलं चालतच होती.

"आई, थट्टा करू नकोस. तू मघाशी वळल्यावर माझ्या अंगाला घासून पुढे गेलीस. मशीनच्या तेलाचा वास आला मला. तुझा हात लागला. आणि पुढे दोर ताणलेला आहे, मला ओढतोय..."

टेलरबाईंना सगळं एकदम कळलं. वरात उलटी वळली, की शेपूट पुढे येतं. जास्तीची सोडलेली कडी आता सगळ्यांच्या पुढे होती. ती रिकामी नव्हती, आणि तिच्यात ज्याचा हात होता ते त्यांच्या पोराबाळांना घेऊन चाललं होतं.

त्यांनी दोराला एक झटका दिला. थांबा. भिंगरी थांबली, सून थांबली, मुलगा थांबला. धुक्यात कसलाच आवाज नव्हता. मग पुढून दोन झटके आले. आणि त्या झटक्यांपाठोपाठ पुढूनच, अगदी समजूत काढावी तसा, एक आवाज आला.

"चला... घाबरायचं काय त्यात? मी आहे ना."

तो आवाज बाईंचा होता. त्यातला तो ठामपणा, 'ना'वरचा तो किंचित भार, सगळं त्यांचंच. आपला आवाज बाहेरून असा ऐकू येतो हे त्यांना साठ वर्षांत माहीत नव्हतं. सगळ्यात वाईट म्हणजे तो ऐकून त्यांनाही बरं वाटलं. पाऊल पुढे टाकावंसं वाटलं. मुलाने तर टाकलंही.

बाईंनी कातळाला अंग घासत भिंगरीला ओलांडलं, सुनेला ओलांडलं. कोणी कोणाला ओलांडायचं नाही हा नियम त्यांनी स्वतःच मोडला. मुलाचा दंड हाताला लागला. त्याच्या पुढे दोर ताठ होता, तारेसारखा, आणि धुक्यात जिथे तो दिसेनासा होत होता तिथे कोणीतरी उभं होतं की नव्हतं, हे त्यांनी बघितलं नाही. बघायचं नाही हे त्यांनी आधीच ठरवलं होतं. कंबरेच्या पिशवीत कायम असायची ती कात्री त्यांनी काढली. माप घेतलं नाही, खूण केली नाही, कसलीही माया न ठेवता मुलाच्या मुठीला लागून दोर कापला.

तुटलेलं टोक लगेच गेलं नाही. क्षणभर ते तिथेच हवेत राहिलं आणि मग हळूहळू, कोणीतरी हाताला गुंडाळून घेत असल्यासारखं, आत गेलं.

"आता पुढे मी," बाई म्हणाल्या. "खरी मी."

त्या चाचपत वीस पावलं गेल्या असतील नसतील, तोच वारा सुटला आणि धुकं फाटलं. समोर लाकडी फलक होता. त्यावर खिंडीचं नाव आणि उंची लिहिलेली. पलीकडे ऊन पडलं होतं, खाली हिरवा उतार आणि त्याच्या तळाला डांबरी रस्त्याची रेघ. ते खिंडीत उभे होते. परत फिरून, मागे जाता जाता, ते वर येऊन पोचले होते.

मुलगा मटकन खाली बसला. हसला, मग रडला, मग उठून त्याने आईला मिठी मारली. "जिंकलीस, आई. दुकानाचं नाव काढणार नाही आता. शब्द आहे माझा."

टेलरबाईंनी मागे धुक्याकडे वळून पाहिलं. आपण तर परत फिरलो होतो. 'मी हरले' असं म्हणालो होतो, ते सगळ्यांनी ऐकलं होतं. जी परत फिरली नव्हती, ती वेगळी होती. केक कापायचं कोणाच्याच लक्षात राहिलं नाही.

उतार सोपा होता. चारला पाच मिनिटं कमी असताना ते गाडीत बसले. ड्रायव्हरने "कसा झाला ट्रेक?" म्हणून विचारलं आणि मुलाने "मस्त" म्हणून सांगितलं. नवरा-बायको मागच्या सीटवर लगेच झोपले. भिंगरी मधल्या सीटवर आजीला टेकून बसली होती. तिच्या गालांवर पुन्हा रंग आला होता.

"घाबरलीस का गं तू?" बाईंनी तिला हळूच विचारलं.

"नाही. तू होतीस ना."

"मी तर तुझ्या मागे होते."

"मागे पण होतीस," भिंगरी म्हणाली. "पुढे पण होतीस. वळणावर दिसलीस मला. सारखी मान वळवून आम्ही येतोय का ते बघत होतीस." तिने खिडकीबाहेर डोंगराकडे बोट दाखवलं. "तू दोर कापलास तेव्हा ती आजी दगडावर बसली. खूप वाईट वाटलं तिला. आता ती घरी कशी येईल?"

पोरीच्या केसांतून हात फिरवत टेलरबाईंनी काहीतरी समजुतीचं बोलायला तोंड उघडलं आणि त्यांच्या तोंडून निघालं, "येईल ती. तिला रस्ता ठाऊक आहे." हे आपण का म्हणालो, ते त्यांना कळलं नाही.

गाडी सपाटीला लागली तसा फोन वाजला. दुकानाशेजारचा घड्याळवाला होता. सरळमार्गी, भित्रा माणूस. बाईंनी फोन कानाला लावला.

"वाढदिवसाच्या शुभेच्छा, मावशी. तुम्ही आहात कुठे?"

"गाडीत. परत येतोय. अजून तीन तास लागतील. का हो?"

घड्याळवाल्याने आवाज खाली आणला.

"नाही... तुमचं मशीन चालू आहे. तासभर झाला. मला वाटलं लवकर आलात, म्हणून मी शटरवर थाप मारून विचारलं, झाला का डोंगर? तर आतून तुम्ही म्हणालात, झाला, सगळ्यांना पलीकडे उतरवलं. मी म्हटलं वा, आणि माझ्या कामाला लागलो. आता बाहेर आलो तर... मावशी, शटरला बाहेरून कुलूप आहे. तुम्ही लावून गेलात तेच."

फोनमधून, त्याच्या श्वासामागून, आवाज येत होता. पायमशीनचा, एका लयीत, कुठेही न अडखळता.

बाईंनी फोन बंद केला. बाहेर अजून लख्ख ऊन होतं. मागे मुलाला जाग आली होती.

"कोणाचा फोन, आई?"

"शेजारचा." बाईंनी भिंगरीला आणखी जवळ घेतलं. "मी तुमच्याकडेच येते. आज... आणि पुढेही. तुझी ती मागची खोली चालेल मला."

मुलगा ताडकन सरळ बसला. त्याला वाटलं आपण झोपेत ऐकलं.

"अगं पण तू जिंकलीस ना? दुकानाचं काय मग?"

"दुकान," टेलरबाई म्हणाल्या, "चालू आहे."